पेरू-बोलिव्हियात बाईक बंद पडली किंवा रस्ताच अडवला तर काय करता?

चौथा_गिअर

मंडळी, गेलं वर्षभर डोक्यात एकच भुंगा आहे. मी आणि माझा मेहुणा, दोघं न्यू जर्सीत असतो, इथून निघून खाली थेट अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआयापर्यंत बाईकवर जायचं. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये रस्ताच नाही, तेवढा तुकडा गाडी विमानाने नाहीतर कंटेनरने, बाकी सगळं चाकांवर. सुट्टी साठवलीय, घरून परवानगी अर्धी मिळालीय. व्हिसा, लशी वगैरे विचारत नाही, ते बघून ठेवलंय.

मला धास्ती दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे चार-साडेचार हजार मीटरवर, जवळ गाव नाही, आणि गाडी बसली तर करायचं काय? कुठले पार्ट बरोबर न्यायचे? दुसरं, दक्षिण पेरू आणि बोलिव्हियात उठसूट रस्ते अडवतात म्हणे, दगड टाकतात, टायर जाळतात आणि ते कितीही दिवस चालतं. त्यात कोणी अडकलंय का? यूट्यूबवर सगळे शेवटी हसत पोचलेले दिसतात, मधलं कोणी दाखवत नाही. गाडी मोठी ट्विन सिलिंडर न्यायचा विचार आहे. बिनधास्त लिहा.

अर्धवटराव

रुमाल टाकतोय. अर्धी परवानगी म्हणजे कोणती अर्धी, जायची की परत यायची?

टॉर्करेंच

मोठी ट्विन नेऊ नका. झालं, माझा प्रतिसाद संपला :)

आता सविस्तर. मी पेरू-बोलिव्हिया एका १५० सीसी कार्बोरेटरवाल्या गाडीवर केलंय. अँडीजमध्ये गाडी कुठली चांगली या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, जी गाडी तिथला भाजीवाला वापरतो ती. बजाज तिकडे भरपूर आहे. पेरूत हुलियाका नावाचं शहर आहे, तितिकाका सरोवराच्या जवळ, दिसायला ओबडधोबड, टुरिस्ट तिथे थांबत नाहीत, पण रिक्षांचं शहर. आपलीच बजाजची रिक्षा, तिला तिकडे तोरितो म्हणतात. बाजारात दुकानाबाहेर आपल्या ओळखीचे निळे-पांढरे डबे टांगलेले बघून मला एकदम चिंचवडला उभा असल्यासारखं वाटलं. क्लच प्लेट, केबल, प्लग, ब्रेक शू, सगळं हातात. त्याच दुकानात शेजारी एक जर्मन जोडपं त्यांच्या बाराशे सीसीच्या गाडीच्या एका सेन्सरसाठी फोनवर फोन करत होतं.

उंचीवर कार्बोरेटरची गाडी पेट्रोल जास्त पिते, काळा धूर, प्लग काळा, चढावर जीव नाही. त्याला उपाय आहे. मेन जेट (पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू) एक-दोन नंबर लहान टाकायचा आणि सुईची क्लिप एक खाच वर घ्यायची म्हणजे सुई खाली बसते आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं. हुलियाकाच्या पोराने मला हे फुटपाथवर करून दिलं, कार्बोरेटरची खालची वाटी उघडून पेट्रोल एका सार्डिनच्या डब्यात काढलं, जेट ओठात धरून फुंकला, आभाळाकडे धरून एक डोळा मिटून बघितला आणि मान हलवली. त्यानंतर गाडी ला राया खिंड (४३३८ मीटर) कुरकुर न करता चढली. फक्त खाली समुद्राकडे उतरायच्या आधी जुना जेट परत घालायचा, नाहीतर पातळ मिश्रणावर इंजिन तापून पिस्टनची वाट.

बुलेटशिवाय_काय

टॉर्करेंच, तुमचा अनुभव मान्य, पण अर्धंच सांगताय. लिमाहून वर तिक्लिओची खिंड ४८१८ मीटर आहे. दर हजार मीटरला ताकद साधारण दहा टक्के जाते असं धरलं तर वर पोचेपर्यंत तुमच्या १५० मधली जवळजवळ निम्मी ताकद हवेतच गेली. पुढे ट्रक, मागे ट्रक, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये रांगताय आणि मागचा हॉर्नवर बसलाय. यात कसली मजा? शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला जेटबिट काही लागत नाही, हवा पातळ झाली की पेट्रोल आपोआप कमी सोडते. ताकद तिचीही जाते पण मुळात असते म्हणून जाते. आणि खाली दक्षिणेला पातागोनियाचा आडवा वारा? तिथे हलकी गाडी लेन सोडून पलीकडे जाते.

टॉर्करेंच

इंजेक्शन उत्तमच. पण गाडीतला फ्युएल पंप मेला की? खेड्यातलं पेट्रोल पिंपातून पातेल्याने मोजून देतात, त्यातला गाळ पंपाच्या जाळीत बसतो. कार्बोरेटर मी दगडावर बसून साफ करतो. पंपाला दगडावर बसून मी फक्त शिव्या देऊ शकतो.

बुलेटशिवाय_काय

म्हणून बायकोचे स्टॉकिंग गाळणीला न्यायचे. पंप मरतच नाही.

अर्धवटराव

घरच्या परवानगीची उरलेली अर्धी आता विसरा @चौथा_गिअर

मागची_सीट

मी गाडी चालवत नाही, मागे बसते, त्यामुळे बंद पडल्यावर काय होतं ते मला जास्त माहिती, कारण हे गाडीत डोकं घालून बसलेले असतात आणि रस्त्याकडे मीच बघत असते.

आमचं बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरानंतर झालं. पावसाळ्यात तिथे मिठावर पाण्याचा पातळ थर असतो, आकाश खाली दिसतं, फोटो सुंदर येतात हे खरं. हॉटेलवाल्या बाईंनी सांगितलेलं की पाणी असताना आत घालू नका आणि गेलातच तर आधी खालून डिझेल मारून घ्या आणि आल्यावर लगेच धुवा. आमच्या यांनी धुतली, पण वरवर. दुसऱ्या दिवशी पोतोसीच्या वाटेवर आधी इंडिकेटर वेडे झाले, मग डिस्प्ले गेला, मग गाडीच गेली. आजूबाजूला गवत आणि लामा. फोनला रेंज नाही.

मी आधी सगळे गरम कपडे घातले. हे महत्त्वाचं आहे, हसू नका, तिथे सूर्य ढगाआड गेला की पाच मिनिटांत दात वाजतात आणि थंडीने माणूस चुकीचे निर्णय घेतो. मग हात केला. तिथल्या लोकांना थांबायची सवय आहे. दुसराच ट्रक थांबला, किनव्याची पोती भरलेला. आता पावणेदोनशे किलोची गाडी ट्रकात चढवायची कशी, तर त्या ड्रायव्हरने ट्रक मागे घेत घेत रस्त्याकडेच्या मातीच्या उंचवट्याला मागचा फाळका टेकवला, अगदी वीतभर अंतर राहिलं, त्यावर एक फळी, आणि तिघांनी गाडी सरळ ढकलत आत नेली. स्टँड लावू दिला नाही. पोत्यांच्या मधे बसवली आणि दोरीने पुढचं सस्पेन्शन दाबून बांधली. मी केबिनमध्ये त्याच्या बायकोशेजारी, मांडीवर तिचं बाळ.

पोतोसीत मेकॅनिकने कनेक्टर उघडले तर आत हिरवट-पांढरी पूड. गरम पाणी, टूथब्रश, मग पेट्रोल, मग फुंकणी, एकेक करून सगळे. पार्ट एकही लागला नाही. ट्रकवाला पैसे घेईना, डिझेलचे म्हणून बळंच दिले.

घाटावरची

ताई, किती छान लिहिलंय! तुम्ही वेगळा धागा काढा ना.

दगडफूल

रस्ते अडवण्याबद्दल मी लिहितो, कारण जानेवारी २०२३ मध्ये मी कुस्को आणि पुनोच्या मध्ये होतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. ७ डिसेंबर २०२२ ला पेरूचे राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांनी संसद बरखास्त करायचा प्रयत्न केला, संसदेने त्यांनाच काढलं आणि अटक झाली. दक्षिणेतले डोंगरी भाग त्यांचे मतदार, ते पेटले. ९ जानेवारीला हुलियाकात एकाच दिवसात डझनाहून जास्त माणसं मेली. २१ जानेवारीला माचू पिचू बंद केलं. हे सांगतोय ते यासाठी की रस्त्यावर बसलेली माणसं टुरिस्टला छळायला बसलेली नव्हती, त्यांच्या घरातली माणसं गेली होती. हे डोक्यात ठेवून तिथे पोचलात तर तुमचा आवाजच वेगळा लागतो.

सिकुआनीच्या अलीकडे दर थोड्या अंतरावर अडथळा. निलगिरीची खोडं, दगडांच्या रांगा, फुटक्या काचा. मी शंभरेक मीटर अलीकडे इंजिन बंद करायचो, हेल्मेट काढायचो, गाडी तिथेच ठेवून चालत जायचो. हेल्मेट आणि काळ्या काचेत चेहरा दिसत नाही आणि त्यांना पोलिसांचा संशय येतो. कॅमेरा अजिबात नाही, हेल्मेटवरचासुद्धा काढून बॅगेत. आधी म्हाताऱ्या बायकांना नमस्कार, मग बाकी. एका ठिकाणी खोडावर बायका उकडलेले बटाटे सोलत बसलेल्या, एकीने माझा पासपोर्ट घेऊन उलटा धरून बघितला, इंडिया म्हटल्यावर हसली, मला बटाटा आणि हिरवी झणझणीत चटणी दिली. खाऊन झाल्यावर विचारलं, जाऊ का? तर म्हणाली नाही. संध्याकाळी सहानंतर सोडलं, सगळ्यांनाच, तासाभरासाठी. पुढच्या अडथळ्यावर नाही म्हणाले ते नाहीच. परत मागे फिरलो आणि सिकुआनीत एका खानावळीच्या वरच्या खोलीत राहिलो. देसाग्वादेरोची बोलिव्हियात जायची सीमा पण बंदच होती. फेब्रुवारी उजाडला.

गाडीवान_२

अहो रात्री दोन वाजता सगळे झोपलेले असतात, बाईकला फूटभर जागा पुरते, शेताच्या कडेने निघून जायचं. नाहीतर शे-दोनशे सोल (पेरूचं चलन) हातावर टेकवायचे. एवढं काय?

दगडफूल

नाही. रात्री पहारा असतो, शेकोटी असते आणि दारूही असते. अंधारात गपचूप निघणाऱ्या बाईकवर दगड येतो, तो विचारून येत नाही. रस्त्यावर तारा आणि खिळेही असतात. माझ्यासमोर एका ट्रकची काच फुटलीय. पैशाचं म्हणाल तर काही ठिकाणी ते स्वतः डबा धरतात, आंदोलनाच्या जेवणाला म्हणून, तिथे मी घातले. पण आपण होऊन नोट पुढे केली की तो अपमान होतो, आणि मागून येणाऱ्या पुढच्या माणसाला भोवतो. ब्रेड, पाणी, कोकाची पानं द्यायची, ती बरोबर बसून खायची.

मागची_सीट

दगडफूल यांना पूर्ण अनुमोदन. मी पुढे चालत गेले की वातावरण निवळायचं. बाई आहे, केस पांढरे आहेत, हे तिथे चालतं. आणि ॲम्ब्युलन्सला बहुतेक वेळा वाट करून देतात, त्यामुळे खरंच कोणी आजारी असेल तर स्पष्ट सांगावं. नाटक मात्र करू नये.

गुगलपंडित

थोडं अवांतर. बोलिव्हियात रस्ता अडवणं हे राजकारणाचं जुनं हत्यार आहे, भूगोलच तसा. ला पाझ शहर वाडग्यात आहे, साधारण ३६०० मीटरवर, आणि वाडग्याच्या काठावर एल आल्तो, चार हजारांच्या वर. काठ ज्याच्या ताब्यात त्याने वाडगा उपाशी ठेवायचा. १७८१ मध्ये तिथल्या आयमारा लोकांचा नेता तुपाक कातारी याने स्पॅनिशांच्या ला पाझला वेढा घातला तो असाच, कित्येक महिने. २००० साली कोचाबांबात पाण्याच्या खासगीकरणावरून, २००३ मध्ये गॅसवरून एल आल्तोत. आणि माजी राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस हे स्वतः कोकाच्या शेतकऱ्यांच्या चळवळीतून वर आले, २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांच्याच समर्थकांनी कोचाबांबाच्या आसपास २४ दिवस रस्ते धरले. त्या काळात पश्चिमेकडून पूर्वेच्या सांता क्रुझला जायचं तर वरून बेनी प्रांताच्या जंगलातून तिथल्या त्रिनिदाद शहरामार्गे वळसा, तो पावसात चिखल.

अर्धवटराव

२४ दिवस!! आपल्याकडे रास्ता रोको अकराला सुरू, साहेबांचा फोटो झाला की साडेअकराला पोलीस व्हॅनमधून चहाला. हे लोक सीरियस आहेत.

निवृत्त_नाना

एर्नेस्तो (म्हणजे चे) गेव्हारा आणि त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रानादो १९५२ च्या सुरुवातीला जुन्या नॉर्टन ५०० वर निघाले होते, ती गाडी चिलेतच गतप्राण झाली. पुढचा सगळा पेरू त्यांनी ट्रकच्या मागे बसून, लोकांच्या गाड्यांना हात करत केला. चे चा चे झाला तो गाडी बंद पडल्यावर. तेव्हा चौथा_गिअर, तुमची गाडी कुठे बंद पडते त्यावर पुढची क्रांती अवलंबून आहे. (हलके घ्या.)

चौथा_गिअर

नाना __/\\__ मेहुण्याला दाढी वाढवायला सांगतो.

घाटावरची

पेट्रोलचं कोणी बोललं नाही. आम्ही गेलो तेव्हा बोलिव्हियात परदेशी नंबरप्लेटला भाव दुपटीहून जास्त होता, स्थानिकांना लिटरला ३.७४ आणि आपल्याला ८.६८ बोलिव्हियानो. त्यात परदेशी गाडीची सिस्टीममध्ये वेगळी नोंद करावी लागते म्हणून पंपवाले सरळ नाही म्हणायचे. मग गाडी कोपऱ्यावर लावायची, कॅन घेऊन चालत जायचं, बिल नको म्हणायचं, मधला काहीतरी भाव ठरायचा. नंतर तिकडे डॉलरचीच टंचाई झाली आणि पंपांवर ट्रकच्या किलोमीटर किलोमीटर रांगा लागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये सबसिडी काढली, त्यावरून परत रस्ते अडले. तेव्हा जुन्या ब्लॉगांमधले भाव धरू नका, आणि टाकी अर्धी झाली की पंप शोधायला लागा.

सँतियागोकर

उशिरा आलो. मी चिलेत राहतो, कामाचं सांगतो.

बोलिव्हियाच्या हायवे खात्याचा, म्हणजे एबीसीचा, ऑनलाइन नकाशा आहे, कुठला रस्ता कशामुळे बंद ते दाखवतो. पेरूत सुत्रान या रस्ते-वाहतूक खात्याचा तसाच आहे. रोज सकाळी चहाबरोबर बघायचा. पण सगळ्यात ताजी बातमी समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याकडे. समोरून बराच वेळ एकही ट्रक आला नाही तर समजून जा. बसचे प्रवासी सामान डोक्यावर घेऊन चालत येताना दिसले तर पुढे अडथळा आहे आणि ते पलीकडची बस पकडायला निघालेत.

बोलिव्हिया पूर्ण टाळायचं तर पेरूतल्या ताक्नाहून चिलेच्या आरिकाला उतरा. मात्र किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सुरक्षित असं समजू नका, जानेवारी २०२३ मध्ये इकाजवळ पॅनअमेरिकन हायवेसुद्धा अडवला होता. आणि माणसांनी नाही अडवला तर डोंगर अडवतो. जानेवारी ते मार्च पेरूत दरडी आणि चिखलाचे लोंढे येतात, उताराच्या रस्त्यावर पूल वाहून जातात. हिवाळ्यात चिले-अर्जेंटिनाची लोस लिबेर्तादोरेस खिंड बर्फाने बंद होते, ट्रक दिवसचे दिवस उभे.

पार्ट बाहेरून मागवायचा तर पेरू-बोलिव्हियाच्या कस्टममध्ये अडकवू नका, चिलेत मागवा. इकिकेला करमुक्त बाजार आहे, सँतियागोत लिरा नावाची गल्लीच्या गल्ली बाईकच्या दुकानांची. गाडी वर ठेवून माणसाने बसने खाली यायचं, पार्ट घेऊन परत जायचं. हे सरसकट चालतं.

आणि ज्याची भीती कोणालाच वाटत नाही ती गोष्ट. गाडीचा तात्पुरता आयात परवाना. पेरूत ९० दिवस. गाडी गॅरेजमध्ये पडलीय, रस्ता बंद आहे, तरी त्याचे दिवस चालूच राहतात, आणि मुदत संपली की गाडी जप्त होऊ शकते. मुदत संपायच्या आत कस्टमच्या ऑफिसात जा, मेकॅनिकचं सही-शिक्क्याचं पत्र घेऊन. संपल्यावर जाऊन रडून उपयोग नाही.

आता मला सांगा @चौथा_गिअर, सुट्टी नेमकी किती?

चौथा_गिअर

अडीच महिने. उशुआयाहून परतीची तिकिटं तारीख धरून काढायची म्हणतोय, स्वस्त पडतात.

टॉर्करेंच

🤦

दगडफूल

तारीख ठरली की माणूस रात्री दोनला शेतातून जातो. गाडीवान_२ यांचा सल्ला तुम्हाला तेव्हा पटायला लागेल.

बुलेटशिवाय_काय

इथे मीही टॉर्करेंचच्या बाजूला. अडीच महिन्यांत न्यू जर्सी ते उशुआया म्हणजे रोज फक्त चालवणं. एक पंप, एक बंद रस्ता आणि सगळं मुसळ केरात. पार्टच्या बॅगेपेक्षा रिकामे दिवस न्या.

सँतियागोकर

त्यापेक्षा सँतियागोला विमानाने या. परदेशी माणसाला इथे कर क्रमांक काढून स्वतःच्या नावावर बाईक घेता येते, कागद यायला थोडे दिवस लागतात, तोवर लिरा गल्लीत हिंडा. मग वर्तुळ करा. उत्तरेला अताकामा, इकिकेहून बोलिव्हियात ओरुरो, ला पाझ, तितिकाका, कुस्को, आरेकिपा, ताक्ना, आरिका आणि परत. गाडी इथेच विका. मे ते सप्टेंबर वर पठारावर कोरडं असतं, थंडी मरणाची पण दरडी नाहीत. रस्ता अडवला तर वर्तुळ उलट फिरवायचं, उशुआयाला तसं करता येत नाही. कोलंबियात घेऊन इथे विकू असा विचार असेल तर सोडा, परदेशी नंबरची गाडी इथे अशी विकता येत नाही.

चौथा_गिअर

हे पटतंय... उशुआया सोडायचं जिवावर येतंय पण पटतंय. मग मूळ प्रश्नाचा उरलेला भाग. छोटी गाडी घेतली तर बरोबर काय?

टॉर्करेंच

आता कसं बोललात. क्लच केबल नवी, आणि ती बॅगेत नाही तर जुन्या केबलच्या शेजारीच टेपने बांधून ठेवायची, तुटली की दोन टोकं अदलाबदल. ट्यूब पुढची-मागची, टायर काढायचे लिव्हर, हवेचा पंप, आणि हे घरी दोनदा करून बघा. प्लग, दोन लहान मेन जेट, चेनची लिंक. १२५-१५० च्या गाड्यांना बहुधा ४२८ मापाची चेन, ती खेड्यातही मिळते, ५२० शहरातच. बेअरिंग नेऊ नका, त्यावरचा नंबर वहीत लिहा, ६२०२ किंवा ६३०२ काय असेल ते, तो नंबर जगभर एकच आणि कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो. वेल्डिंग सगळीकडे आहे. क्लच-ब्रेकचे लीव्हर दोन्ही न्या, गाडी पडणारच आहे.

मागची_सीट

आणि थर्मास. डॉक्टरांना विचारून उंचीच्या गोळ्या. ला पाझला पोचल्यावर पहिले दोन दिवस मेकॅनिककडे सुद्धा चालत जाऊ नका, रिक्षा नाही तिथे, केबल कार आहे, ती घ्या.

मेहुणा_स्वतः

नमस्कार. दाजींनी लिंक आत्ता पाठवली. मी सहा फूट दोन इंच आणि वजन विचारू नका. १५० सीसीवर मी, माझं सामान आणि ४८०० मीटर हे तिन्ही एकदम जमेल का?

टॉर्करेंच

तुमच्यासाठी १९० बघू. मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाकायचं. वजन व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.